रेणाकाठचे रान आणि अनुदानाची वाट

वाचकहो, लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलात की वीसेक किलोमीटरवर रेणापूर लागते. एस.टी.तून जात असाल तर उजव्या-डाव्या बाजूच्या रानावर नजर ठेवा. जमीन काळी. कुठे ती पुरुषभर खोल, कुठे वीतभर मातीखाली लगेच मुरूम. पावसाळ्यात आलात तर एकच पीक दिसेल, सोयाबीन. त्यात मधूनमधून तुरीच्या ओळी, आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे ऊस. माझ्या लहानपणी याच रानात मूग, उडीद, पिवळी ज्वारी, अंबाडी, कारळ असे पाच-सात जिन्नस एका पावसाळ्यात निघत. आता पेरणीला एकच पोते फोडले की काम भागते.

गावात उतरलात तर आधी रेणुकामातेच्या दर्शनाला जा. नवरात्रात इथे मोठी गर्दी असते. नदीचे नाव रेणा. ती पुढे मांजरेला मिळते. नदीवर रेणा मध्यम प्रकल्प आहे, निवाड्याला रेणा सहकारी साखर कारखाना आहे. पानगावला रेल्वे स्टेशन आहे, जुने दगडी विठ्ठल मंदिर आहे आणि डॉ. आंबेडकरांच्या अस्थी जपलेले चैत्यस्मारक आहे. म्हणजे तालुका लहान असला तरी पाहण्याजोगा आहे.

पण मी आज तुम्हांला देवळे दाखवायला नेत नाही. मी कृषी खात्यातला विस्तार अधिकारी. पन्नाशी कधीच ओलांडली. माझे मूळ गाव याच तालुक्यात, रेणेच्या काठाला. नोकरी बाहेर, आई गावात. २०२५ साली मी दोन वेळा गावी गेलो, एकदा मृगात आणि एकदा दिवाळीनंतर. या दोन फेऱ्यांत जे पाहिले, आणि माझ्याच घरात जे उघडे पडले, ते तुम्हांला सांगावे असे वाटते. विषय आहे सरकारी अनुदानाचा. नाव रुक्ष आहे खरे, पण तुमच्या-माझ्या चुलीपर्यंत येणारा आहे.

दुकानातली रांग

मृगात गेलो तेव्हा पिंपळफाट्यावर उतरून एका खताच्या दुकानात टेकलो. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. रांगेत एक ओळखीचे जोडपे होते. नाव सांगत नाही, तुम्ही त्यांना मामा-मामी म्हणा. मामांनी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने घेतला नाही. पुसून ठेवला, तरी नाही. दुसरा ठेवला, नाही. चाळीस वर्षे कुळवाची रुमणी धरून हाताच्या रेघाच झिजलेल्या. मग मामी पुढे झाल्या. त्यांचाही अंगठा चौथ्या खेपेला लागला. मामी हसून म्हणाल्या, "खुरप्यानं रेघा नेल्या साहेब, नशिबाच्या बी आन् आधाराच्या बी."

हे यंत्र का आले ते समजून घ्या. खताचे अनुदान आपल्याकडे १९७७ पासून पद्धतशीर सुरू झाले. सरकार शेतकऱ्यासाठी विक्रीचा भाव ठरवून देई आणि कारखान्याचा जो जादा खर्च होई तो स्वतः भरून देई. हा पैसा शेतकऱ्याच्या हातात कधीच आला नाही. तो पोत्यात दडून आला. २०१८ पासून देशभर असे झाले की दुकानात आधार क्रमांकावर विक्रीची नोंद झाली, की त्या नोंदीवर कंपनीला पैसे मिळतात. लोक याला 'थेट लाभ' म्हणतात, पण तो थेट कंपनीच्या खात्यात जातो. आपल्याला फक्त पावती मिळते. ती पावती फेकू नका. सरकारने आपल्या नावावर किती भार उचलला, ते तिच्यावरून कळते.

मामांनी चार पोती डीएपी घेतले, दोन पोती युरिया. डीएपी १,३५० रुपयांना पोते. युरियाचे पोते कडुनिंबाचा लेप आणि कर सोडून २४२ रुपयांना. एक पोते दुसऱ्याच्या पाचपटीहून महाग. हा फरक आपोआप पडलेला नाही. त्यामागे एक गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीत माझीही एक चूक आहे.

१९९२ चे वर्ष

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलो ते वर्ष १९९२. त्याच वर्षी २५ ऑगस्टला सरकारने स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचे भाव-नियंत्रण उठवले. देशाची तिजोरी १९९१ साली रिकामी झाली होती आणि अनुदानाचा बोजा पेलत नव्हता. पण युरियावरचे नियंत्रण मात्र ठेवले. एवढेच नाही, तर त्याचा भाव दहा टक्के खाली आणला. म्हणजे ताटातले तीन पदार्थ पाहा. दोन महाग केले आणि एक स्वस्त. मग पंगतीत माणूस काय जास्त खाणार?

तेच झाले. देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे वापराचे प्रमाण ४:२:१ असावे, असे ढोबळमानाने मानतात. १९९१-९२ मध्ये ते ५.९:२.४:१ होते. पुढच्याच वर्षी ते ९.५:३.२:१ झाले. सरकारने लगेच सवलत देऊन थोडे सावरले, पण शेतकऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की युरिया म्हणजे खत आणि बाकीचे म्हणजे चैन.

२०१० च्या एप्रिलपासून पुन्हा नवी रीत आली. पोत्यामागे अनुदान न देता त्यातल्या अन्नद्रव्याच्या किलोमागे ठरावीक अनुदान द्यायचे आणि भाव कंपनीने ठरवायचा. विचार चांगला होता. पण युरिया याही वेळी बाहेरच राहिला. २०१५ पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाचा लेप आला. २०१८ पासून पोते ५० किलोचे ४५ किलोचे झाले. यातली मेख लक्षात घ्या. आपला शेतकरी किलोने खत टाकत नाही, पोत्याने टाकतो. एकराला एक म्हणजे एक. म्हणून पोतेच लहान केले, म्हणजे न सांगता वापर कमी व्हावा.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्या वर्षांत सोयाबीन या भागात जोराने वाढत होते. मी गावोगाव सांगत फिरलो, 'एकरी एक पोते डीएपी टाका आणि निश्चिंत व्हा.' सोपे वाक्य होते, लोकांच्या तोंडात बसले. गंधकाचे नाव मी त्या वाक्यात घातले नाही. सोयाबीन हे तेलबियांचे पीक, त्याला गंधक लागते. डीएपीमध्ये गंधक नसते. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि वर २० किलो गंधक अशी आहे. मला ती पाठ होती. पण लांब शिफारस सांगत बसलो तर लोक उठून जातात, म्हणून मी ती छाटून सांगितली. आज तीस वर्षांनी मामा त्याच छाटलेल्या वाक्याने खत घेत होते. वर दोन पोती युरिया, ज्याची सोयाबीनला जवळजवळ गरज नाही. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः ओढून घेतात. त्याला युरिया जास्त दिला तर पीक हिरवेगार, गुडघ्यावर येते, पाहणारा खूश होतो, आणि शेंगा मात्र बेताच्या.

मी मामांना तिथेच हिशेब करून दाखवला. तुम्हीही पेन्सिल घ्या. एकराला १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश, ८ किलो गंधक हवे. सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती घेतली तर २४ किलो स्फुरद पुरे होते, आणि त्याच्याबरोबर साडेसोळा किलो गंधक आपोआप येते. वर युरिया २६ किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याहून थोडा जास्त, आणि पोटॅश २० किलो. दुसरी वाट म्हणजे डीएपीचे एक पोते. त्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र येते, मग युरिया ६-७ किलो पुरे. पण गंधक वेगळे विकत घ्यावे लागते. आपल्या दुकानातल्या भावाने दोन्ही वाटा मांडून पाहा आणि स्वस्त पडेल ती धरा. गंधक मात्र विसरू नका, मी विसरलो तसे.

मामांनी एक पोते युरिया परत केला. दुसरा ठेवला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, मन मानत न्हाई." मीही जोर केला नाही. तीस वर्षांची सवय एका सकाळी जात नसते.

पोत्यातले आणि खात्यातले

संध्याकाळी मामांच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवता जेवता कळले की मामांची स्वतःची जमीन दीड एकरच. बाकी चार एकर नदीकाठचे रान त्यांनी खंडाने घेतलेले. मालक शहरात. खंडाची रक्कम गुढीपाडव्याला रोख मोजून दिलेली. म्हणजे पाऊस पडो न पडो, मालकाचे पैसे मालकाकडे पोहोचले. बी, खत, फवारणी, मजुरी सगळी मामांची.

कागद? कागद काहीच नाही. का नाही, ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. हैदराबाद राज्यात १९५० साली कुळांचा कायदा झाला. तेव्हापासून मालकाच्या मनात एक भीती घर करून आहे, की लिहून दिले तर कूळ लागेल आणि जमीन जाईल. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. आज कसायला मिळते, पुढच्या पाडव्याला मिळेल की नाही ते पाडव्यालाच कळते. शेणखत टाकायचे, बांध घालायचे, तर कुणाच्या भरवशावर?

इथे अनुदानाची खरी गाठ आहे. ती मला इतकी वर्षे नोकरी करून नीट दिसली नव्हती, मामीच्या चुलीपुढे बसल्यावर दिसली. पोत्यात दडून येणारे अनुदान जो रान कसतो त्याला मिळते, कारण दुकानात अंगठा लावणारा तोच. त्याला सातबारा कुणी विचारत नाही. खात्यात येणारे अनुदान मात्र ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यालाच मिळते.

उदाहरण घ्या. २०२१ च्या मे महिन्यात परदेशातला भाव भडकला आणि डीएपीचा खरा भाव पोत्याला २,४०० वर गेला. सरकारने अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले आणि शेतकऱ्याला पोते १,२०० लाच पडले. मामांच्या चार पोत्यांवर त्या वर्षी ४,८०० रुपयांचा भार वाचला. तो मामांनाच वाचला, मालकाला नाही. दुसरीकडे पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरी योजनेचे ६,००० रुपये, असे १२,००० रुपये जमीनधारक कुटुंबाच्या खात्यात जातात. दीड एकरापोटी ते मामांना मिळतात, त्याचा आनंद आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही आणि जो दहा एकर कसतो, त्याला एक पैसा मिळत नाही.

शहाणी माणसे सांगतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे, की पोत्यातले अनुदान बंद करून तेवढे पैसे सरळ शेतकऱ्याच्या खात्यात घाला. युरियाची उधळपट्टी थांबेल, जमीन वाचेल, चोरीचा माल थांबेल. मी मातीचा माणूस, मला ते पटते. स्वस्त युरियाने जमिनीचे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण कुणाच्या खात्यात? हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. तो न सोडवता पोत्यातले पैसे खात्यात नेले, तर मामांच्या चार एकराचा भार मामांच्या डोक्यावर आणि अनुदान शहरातल्या मालकाच्या खात्यात, असा न्याय होईल.

आधी खर्च, मग अनुदान

दुसऱ्या दिवशी धरणाच्या बाजूला गेलो. ठिबकावरचा ऊस पाहिला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आपण विसरलेलो नाही. त्या भागात मोकाट पाण्यावर ऊस लावणे म्हणजे पुढच्या पिढीच्या माठातून पाणी पिणे. म्हणून ठिबकाला अनुदान आहे हे बरेच आहे. केंद्राच्या योजनेत लहान शेतकऱ्याला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के. राज्याने आपली भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले. अर्ज महाडीबीटीवर. पूर्वी सोडत निघत असे, २०२५ पासून प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य. शिवाय १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला.

ऐकायला छान. पण संच आधी स्वतःच्या पैशाने बसवायचा, मग तपासणी, मग पैसे खात्यात. ज्याच्या घरात नोकरदार आहे त्याला हे जमते. एका बाईने माझ्या सांगण्यावरून काही वर्षांपूर्वी ठिबक बसवले होते. नवरा वारलेला, दोन एकर रान. खासगी सावकाराकडून पैसे उचलले. अनुदान आले, पण फार उशिराने. तोवर व्याजाने अनुदानाचा मोठा लचका तोडला होता. ती मला दोष देत नाही, भेटली की चहा पाजते. तो चहा मला कडू लागतो. तेव्हापासून मी कुणालाही 'ऐंशी टक्के मिळतात' असे सांगताना पुढचे वाक्य गाळत नाही, की 'पण आधी शंभर टक्के तुम्हांला घालावे लागतात, ते कुठून आणणार ते ठरवा.'

विम्याचा एक रुपया

तिसरी गोष्ट विम्याची. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. शेतकऱ्याचा हिस्सा सरकार भरत असे. अर्जांचा पूर आला. त्यात खोटे अर्जही आले. कुणी सरकारी जमिनीवर विमा काढला, कुणी देवस्थानच्या. २०२५ च्या खरिपात ही सवलत बंद झाली. आता खरिपात विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के शेतकऱ्याने भरायचे. हेक्टरी ५०,००० रुपयांचे संरक्षण धरले तर सोयाबीनला १,००० रुपये होतात. वाचलेला पैसा शेतीतल्या भांडवली कामांकडे वळवू, असे सरकारने जाहीर केले.

हप्ता भरायला माझी हरकत नाही. फुकटाच्या कागदाला कुणी जपत नाही. पण त्याच वेळी दुसरा बदल झाला, तो पुष्कळांच्या लक्षात आला नाही. पूर्वी तुमच्या एकट्याच्या रानात पाणी शिरले तरी ७२ तासांत कळवून भरपाई मागता येत होती. २०२५ मध्ये ती सोय निघाली. आता महसूल मंडळात पीक कापणीचे प्रयोग होतात, त्याची सरासरी निघते, आणि मंडळाची सरासरी ठरलेल्या उंबरठ्याखाली गेली तरच भरपाई. म्हणजे माळावरच्या दहा जणांचे बरे आले, की नदीकाठच्या एकाचे वाहून गेलेले झाकले जाते.

मामांनी दीड एकराचा विमा काढला. चार एकराचा काढता आला नाही. कारण खंडकऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि तो नव्हता.

दिवाळीनंतरची फेरी

२०२५ चा सप्टेंबर मराठवाड्याला कसा गेला ते तुम्ही जाणता. नवरात्र पावसातच बसले. नद्यांनी काठ सोडले. काढणीला आलेले सोयाबीन उभ्याने सडले, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. ऑक्टोबरमध्ये सरकारने मदत जाहीर केली.

दिवाळी झाल्यावर गेलो. मामांच्या नदीकाठच्या चार एकरात सोयाबीन तर नव्हतेच, वरची माती काही ठिकाणी खरडून गेली होती. मामी बांधावर बसून चिखलात रुतलेले ठिबकाचे नळे कुणाचे आले ते पाहत होत्या. दीड एकराची मदत मामांना मिळाली. चार एकराची मालकाच्या नावाने निघाली. मामांनी मालकाला फोन केला होता. मालक म्हणाले, "जमा झाले की बघू." पुढे त्यांनी फोन उचलला नाही.

मला राग आला. चार शब्द सुनवावेत म्हणून मी मालकाचा नंबर मागितला. मामा म्हणाले, "नगं साहेब. पाडव्याला रान तेंच्याकडूनच घ्यायचंय."

त्या रात्री आमच्या घरी गेलो. आईला ही हकिकत सांगितली. मालकाला नावे ठेवली. आई ऐकत होती. मग उठून तिने देव्हाऱ्यामागून बँकेचे पुस्तक काढून माझ्या पुढ्यात टाकले. म्हणाली, "बघ बरं, ह्यात कुनाचं किती हाय."

वाचकहो, आमची तीन एकर जमीन आईच्या नावावर आहे. मी नोकरीला, म्हणून ती वस्तीवरचा एक जण खंडाने करतो. पीएम-किसानचे हप्ते आईच्या खात्यात. नमोचे हप्ते आईच्या खात्यात. आणि त्या आठवड्यात अतिवृष्टीची मदतही आईच्या खात्यात. पीक त्याचे वाहून गेले, पैसे आमच्याकडे आले. मी दुसऱ्याच्या मालकाला नावे ठेवत होतो आणि स्वतः मालक होतो. इतकी वर्षे तो हिशेब माझ्या मनातही आला नव्हता. पुस्तक मीच दर वर्षी भरून आणत होतो.

आई म्हणाली, "ज्याचं पीक गेलं, त्याचं हाय ते. सकाळी काढून आन." मी म्हटले, "बाकीच्या हप्त्यांचे काय?" ती म्हणाली, "ते माझ्या औषधाला लागतेत. त्यातलं न्हाई देत." तिने खोटा मोठेपणा केला नाही. मलाही तेच योग्य वाटले. मदतीची रक्कम दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिली आणि पुढच्या पाडव्यापासून खंडाचा करार लिहून देण्याचे कबूल केले. भावकीतल्या दोघांनी मला वेड्यात काढले. 'कूळ लागेल' म्हणाले. मी वकिलाला विचारून, मुदत घालून, नोंदवून देणार आहे. भीती मलाही वाटते. पण भीतीपोटी दुसऱ्याच्या नुकसानीवर जगायचे, हेही बरे नाही.

दूरदेशीचे आणि आपले

कुणी म्हणतात, न्यूझीलंडने १९८४ मध्ये शेतीची जवळजवळ सगळी अनुदाने एका झटक्यात काढली, तरी तिथली शेती बुडाली नाही. खरे आहे. तिथे १९८२ च्या सुमारास सात कोटी मेंढ्या होत्या, आज तीन कोटींच्याही खाली आहेत. लोकांनी धंदा बदलला, दुधाकडे वळले आणि टिकले. पण तिथल्या शेतकऱ्याकडे शेकडो एकर रान असते आणि ते त्याच्या नावावर असते. उलट श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतावर अचानक बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. बदल किती मोठा आहे यापेक्षा तो किती सबुरीने आणि कुणाकडे पाहून केला, यावर सगळे अवलंबून असते. वळण घेताना बैलजोडीलाही आधी इशारा द्यावा लागतो.

जाता जाता

तुमच्या घरापुरते चार शब्द सांगतो, मग एस.टी.ची वेळ होईल.

माती तपासून घ्या आणि पोत्याने नव्हे, किलोने खत मोजा. सोयाबीनला गंधक द्या, बियाण्याला जिवाणूंची प्रक्रिया करा, युरिया आखडता घ्या. घरचे बी वापरत असाल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. सत्तरच्या वर उगवले तर निर्धास्त पेरा.

सातबारा काढून घरच्या लक्ष्मीचे नाव त्यावर आहे का ते बघा. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, आणि १९९२ साली राज्य सरकारनेही तशी योजना काढली. आता अनुदानाची प्रत्येक वाट सातबाऱ्यावरून जाते, तेव्हा त्या नावाची किंमत पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे. माझ्या आईच्या नावावर जमीन नसती, तर आमच्या घरचा निर्णय तिने नव्हे, मी घेतला असता, आणि तो कसा घेतला असता हे मला खात्रीने सांगता येत नाही.

आणि तुमचे रान दुसरा कुणी कसत असेल, तर एकदा बँकेचे पुस्तक उघडून बसा. त्यातला कुठला आकडा तुमच्या घामाचा आणि कुठला त्याच्या, ते पेन्सिलीने लिहून काढा. सरकारची वाट सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर घरातल्या घरात जेवढी सुधारता येते तेवढी सुधारू.

परतताना मामी फाट्यापर्यंत आल्या. पिशवीत त्यांनी तुरीच्या हिरव्या शेंगा बांधून दिल्या. नदीकाठचे गेले, पण दीड एकरातली तूर उंचावर होती, ती वाचली होती. म्हणाल्या, "हरभरा पेरतोय साहेब त्या खरडलेल्या रानात. गंधक टाकू का?"

मी होय म्हटले. आणि या वेळी पूर्ण शिफारस सांगितली, गाडी सुटेपर्यंत.